मागच्या सीटवरून काय म्हणालात?

प्रश्न : मी यंदा नोकरीतून निवृत्त झालो. महिन्यातून एकदा तरी आम्ही दोघं बुलेटवर साताऱ्याहून गुहागरला जातो. उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता. बायको मागून काही सांगते, त्यातलं पाचात एक वाक्य मला कळतं. हेल्मेटमध्ये बसवायचा इंटरकॉम बघायला पुण्याला गेलो, तर दुकानदाराने दीड किलोमीटर रेंजचा आणि पंधरा जणांना जोडणारा महागडा संच पुढे केला. आम्ही दोघंच, तेही एकाच गाडीवर. आम्ही नक्की काय बघून घ्यावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : एका गाडीवर बसलेल्या दोघांच्या तोंडांत अंतर असतं दोन-अडीच फुटांचं. दीड किलोमीटरच्या रेंजचे आणि पंधरा जणांच्या सोयीचे पैसे तुम्ही मोजू नयेत. खोक्यावर रेंज सर्वांत ठळक छापतात, कारण ती आकड्यात सांगता येते. मागच्या माणसाचा शब्द किती स्वच्छ ऐकू येईल हे आकड्यात मावत नाही, आणि तुम्हाला हवंय नेमकं तेच.

ह्या विषयावर मी जरा पोटतिडकीने लिहिते, कारण स्वतः गाडी चालवायला लागण्याआधी 19 वर्षं मी मागच्या सीटवर बसले आहे. त्याबद्दल शेवटच्या उत्तरात सांगेन. आधी शब्द वाटेत कुठे हरवतो ते पाहू.

साधारण 60-65 किलोमीटरचा वेग ओलांडला की वाऱ्याचा आवाज इंजिनाच्या आवाजावर चढतो. हा वारा हेल्मेटच्या खालच्या कडेशी, मानेजवळ फाटतो, भोवरे तयार होतात आणि त्यांची घरघर थेट कानापाशी सुरू होते. ताशी 100 च्या वेगाला बंद हेल्मेटच्या आतसुद्धा 95 डेसिबलच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त आवाज असतो. तुमच्या पत्नी तर तुमच्या पाठीमागच्या गढूळ वाऱ्यात बसलेल्या असतात. त्यांच्या माइकवर सगळ्यात जास्त मार बसतो. म्हणून घाटात तीसच्या वेगाने चढताना तुम्हाला त्यांचं बोलणं कळत असेल आणि उंब्रजपर्यंतच्या हमरस्त्यावर काहीच कळत नसेल, असा माझा अंदाज आहे.

ही अडचण मोटारसायकलीहून वेगळ्या ठिकाणी फार आधी सोडवली गेली आहे. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट इथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी हे अधिकारी वैमानिकांच्या प्रशिक्षणाची शाळा चालवत होते. ॲव्रो 504 विमानात शिक्षक आणि शिष्य एकामागे एक, उघड्यावर बसत. थेट आपल्या डबलसीटसारखे. हातभर अंतरावरचा माणूस वाऱ्यामुळे ऐकू येत नसे. तिथे एक लवचिक नळी वापरात आली : एका टोकाशी बोलायचं नरसाळं, दुसरं टोक शिष्याच्या टोपीत कानांपाशी. ना वीज, ना रेडिओ. ती पुढे गॉस्पोर्ट नळी म्हणूनच ओळखली गेली. आवाज वाऱ्यापासून वाचवून कानाच्या अगदी तोंडाशी नेऊन सोडायचा, एवढंच तिचं काम. तुमच्या खरेदीतही निम्म्याहून जास्त महत्त्व ह्याच गोष्टीला आहे.

म्हणून पहिलं बघायचं ते माइक. तो ओठांना जवळजवळ टेकलेला हवा आणि त्यावर फोमची टोपी हवीच. पूर्ण बंद हेल्मेट असेल तर हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटवायचा बटणासारखा माइक घ्या. हनुवटीचा भाग वर उचलता येतो असं किंवा पुढून उघडं हेल्मेट असेल तर दांडीचा माइक लागतो. दांडीच्या माइकला बहुधा एका बाजूला खूण असते. ती बाजू ओठांकडे. ही खूण उलटी ठेवून इंटरकॉम खराब आहे म्हणून परत करणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरं, स्पीकर. चाळीस मिलिमीटरच्या आसपासच्या चकत्या असतात, हेल्मेटच्या आत कानासाठी केलेल्या खळग्यात त्या बसवायच्या. चकती कानाच्या छिद्रासमोरून बोटभर सरकली तरी आवाज विरतो, आणि बहुतेकांची ती सरकलेलीच असते. हेल्मेट डोक्यात असताना गालाच्या पॅडखालून बोट घालून ती सरकवत नेमकी जागा शोधा. ह्याला अर्धा तास लागला तरी लागू द्या. महागडा स्पीकर चुकीच्या जागी बसवण्यापेक्षा साधा स्पीकर योग्य जागी बसवलेला कितीतरी बरा.

हा खळगा आतल्या थर्मोकोलमध्ये तयार असेल तर तो वापरा. नसेल तर सुरी घेऊन थर्मोकोल कोरू नका, दुकानदार कितीही आग्रहाने म्हणाला तरी. पडल्यावर डोक्याचा धक्का तो थरच शोषतो.

तिसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून मी जरा रेंगाळून सांगते. बऱ्याच स्वस्त संचांत कोणी बोलायला लागलं की मगच लाइन उघडते. वीज वाचते, पण पहिला शब्द गिळला जातो. गप्पा मारताना ह्याचं काही वाटत नाही. मात्र मागची व्यक्ती "थांब" एवढंच ओरडते तेव्हा तो पहिलाच शब्द असतो आणि तोच शेवटचा. म्हणून लाइन सतत उघडी ठेवता येते का, आणि दोघं एकाच वेळी बोलले तर दोघांचं एकमेकांना ऐकू जातं का, हे दुकानात हेल्मेट घालून तपासा. जिथे आळीपाळीने बोलावं लागतं तो संच घेऊ नका.

तुमच्यासाठी साधा ब्ल्यूटूथ इंटरकॉम पुरतो. दोन नगांचा जोड मिळतो. बाजारात हे तीन-चार हजारांपासून सुरू होतात आणि नामवंत कंपन्यांचा एकेक नग तीस हजारांच्याही पुढे जातो. मधल्या किमतीतला घ्या, आणि वाचलेले पैसे कशावर खर्चायचे ते शेवटच्या उत्तरात वाचा.

कोयनेचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. खोक्यावर आयपी आणि पुढे दोन अंक असतात. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. 67 म्हणजे धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी चालतं. नुसत्या शिंतोड्यांपुरता असलेला 4 हा अंक आपल्या कोकणवाटेला कमी पडतो, कारण साठच्या वेगात अंगावर येणारा पाऊस शिंतोड्यासारखा नसतो, फवाऱ्यासारखा असतो. चार्जिंगच्या छिद्रावरचं रबरी झाकण नीट बसतं का ते मात्र स्वतःच्या नखाने उघडून-लावून बघा. पाणी शिरतं ते तिथूनच.

आता कानांविषयी. कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश ह्या संस्थेची शिफारस आहे, की 85 डेसिबल आवाज दिवसात आठ तासांपेक्षा जास्त कानावर पडू नये. दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला एक तास आणि 100 डेसिबलला पाव तास. गुहागरचा प्रवास चार-पाच तासांचा. वाऱ्यावर मात करायला आवाज वाढवत राहिलात तर काही वर्षांनी घरात बसूनही एकमेकांचं ऐकू येणार नाही. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे कानात घाला. ते वाऱ्याला आणि स्पीकरला सारखंच दाबतात. मग स्पीकर थोडा वाढवला तरी कानाच्या पडद्यापर्यंत एकूण आवाज सोसेल इतकाच पोहोचतो आणि शब्द चिरकत नाही. पहिल्यांदा विचित्र वाटतं. चिपळूणला उतरल्यावर डोक्यात नेहमीची भणभण नसते, तेव्हा कारण कळतं.

आणखी एक सवय मोडा. गोंगाटात आपण नकळत ओरडायला लागतो. एत्येन लोम्बार ह्या फ्रेंच कानतज्ज्ञाने हे 1911 साली मांडलं आणि त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. इंटरकॉमवर ओरडलं की माइकमध्ये आवाज फाटतो आणि समोरच्याला अक्षरं कळत नाहीत. काही संचांत स्वतःचा आवाज हलकासा स्वतःच्या कानात ऐकवण्याची सोय असते. ती चालू ठेवली की माणूस आपोआप घरच्या आवाजात बोलतो.

प्रश्न : आम्ही सहा मित्र, सहा गाड्या. तिघांकडे एका कंपनीचे इंटरकॉम, तिघांकडे दुसऱ्या. कसारा घाटात नेहमी कोणी ना कोणी तुटतं. मेश घेतल्याने फरक पडेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्हाला पडेल. साताऱ्याच्या वाचकांना जे नको म्हटलं, तेच तुम्हाला घ्या म्हणते.

ब्ल्यूटूथवर सहा जण जोडणं म्हणजे स्लॅब टाकताना घमेल्यांची रांग लावणं. पहिला दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. मधला एक जण चहाला थांबला की पुढे काँक्रीट जात नाही. मेशमध्ये प्रत्येक जण आवाक्यातल्या प्रत्येकाशी जोडलेला असतो. एक गेला तर आवाज दुसऱ्यावरून वाट काढतो, आणि तो परत आवाक्यात आला की काही न दाबता सामील होतो. कार्डो कंपनीने 2015 मध्ये पॅकटॉकमध्ये ही पद्धत आणली, पंधरा जणांपर्यंतची. सेना ह्या कंपनीने आपली स्वतःची मेश काढली. आपल्याकडे बंगळुरूच्या ब्ल्यूआर्मरनेही स्वतःची मेश बनवली आहे.

घाटात तुटण्याचं कारण मात्र कंपनीत नाही, डोंगरात आहे. हे सगळे संच 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. त्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. एवढीशी लहर डोंगराच्या नाकाडाला वळसा घालून पलीकडे जात नाही. खोक्यावरची दीड किलोमीटरची रेंज मोकळ्या मैदानावरची असते. मधे कातळ आला की पन्नास पावलांवरचा मित्रही गप्प होतो. मेशचा उपयोग इथे होतो : वळणाच्या तोंडावर असलेला तिसरा गडी पुढच्याचं मागच्याला पोहोचवतो. त्यासाठी तुम्ही घाटात फार विखरून चालवता कामा नये. पुढचा दोन वळणं पुढे पळाला तर कोणतीच मेश त्याला धरून ठेवणार नाही.

आणि खरेदी सहा जणांनी एकत्र बसून करा. एका कंपनीची मेश दुसरीच्या मेशशी बोलेल असं धरून चालू नका. दोन्ही गटांतला एकेक जण ब्ल्यूटूथने सांधून पूल बांधता येतो, पण तो पूल त्या दोघांवरच उभा असतो, आणि आवाजही उतरतो. नवीन कोणी गटात आला की त्यालाही तुमच्याच कंपनीचा नग घ्यायला सांगा.

प्रश्न : मोबाइलला रेंज नसेल तिथे इंटरकॉम चालतो का? आम्ही लडाखला जाणार आहोत.
– एक वाचक, पणजी

उत्तर : चालतो. हेल्मेट ते हेल्मेट तो थेट रेडिओ असतो, टॉवरशी संबंध नाही. ह्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना आपल्याकडे वेगळा परवानाही लागत नाही. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड न्या. नकाशे आधीच उतरवून ठेवा, म्हणजे वाटेची सूचना हेल्मेटमध्ये ऐकू येत राहील.

प्रश्न : माझी मुलगी कानात इअरफोन घालून स्कूटर चालवते. रागावलं की म्हणते, इंटरकॉमवाले बोलतात ते चालतं, मग मी का नको? तिला काय उत्तर देऊ?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तिचा प्रश्न रास्त आहे, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं.

कायद्याचं आधी सांगते. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि गाडी चालवताना हातातलं संपर्क साधन वापरणं हे धोकादायक चालवण्यात धरलं गेलं. पुढे 2020 मध्ये नियमांत फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित न होता, वापरायची मुभा दिली. हेल्मेट आणि गाल ह्यांच्या फटीत फोन कोंबून बोलणारे सगळे ह्यात सापडतात.

पण मला कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडी चालवण्याच्या आभासी यंत्रावर प्रयोग केले. 2008 च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की फोनवरच्या माणसाशी बोलताना चालकाचं जितकं बिघडतं, तितकं शेजारी बसलेल्या माणसाशी बोलताना बिघडत नाही. शेजारच्याला समोरचा रस्ता दिसत असतो. गर्दी आली की तो बोलता बोलता थांबतो, कधी "तो ट्रक बघ" असंही म्हणतो. फोनवरच्या माणसाला तुमच्या समोरचा ट्रक दिसत नाही. तो बोलतच राहतो.

डबलसीटवरची व्यक्ती अशीच शेजारची आहे. तिच्याशी इंटरकॉमवर बोलणं मला मान्य आहे. त्याच इंटरकॉमवर ऑफिसचा फोन घेणं मला मान्य नाही, आणि मी माझ्या संचात फोनची जोडणी बंद करून ठेवली आहे. कानात घट्ट बसणारे इअरफोन तर बाहेरचा हॉर्न, ॲम्ब्युलन्सचा भोंगा अडवतात आणि वर गाणं ओततात. मी वर सांगितलेले फोमचे बोळे सगळंच थोडं थोडं कमी करतात, त्यावर काही ओतत नाहीत; हॉर्न त्यातूनही ऐकू येतो. गावातल्या संथ रहदारीत मात्र तेही नकोत. तिला एकटीला चालवताना बोलायला कोणी नाही, म्हणजे तिला इंटरकॉमची गरजच नाही. ती जेव्हा तुम्हाला मागे बसवून ज्योतिबाला नेईल तेव्हा दोघींसाठी एक जोड घ्या.

प्रश्न : सगळे चालवणाऱ्याचं लिहितात. मी मागे बसते. नवऱ्याकडे चांगलं, पूर्ण बंद हेल्मेट आहे. माझं अर्धं, टोपीसारखं, पोलिसांपुरतं. इंटरकॉम घ्यायचं ठरलंय, पण माझ्या हेल्मेटला तो बसतच नाही म्हणतात. काही जुगाड आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जुगाड करू नका. आधी तुमचं हेल्मेट बदला. वर मी वाचवून ठेवायला सांगितलेले पैसे ते हेच.

कायद्याचं 129 वं कलम चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद करत नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट आहे. 1 जून 2021 पासून दुचाकीची हेल्मेटं आयएसआय खुणेशिवाय बनवता-विकता येत नाहीत. आत किंवा मागे आयएस 4151 हा क्रमांक शोधा. तुमच्या टोपीवर तो बहुधा नसेल. तिला हनुवटी नाही म्हणून माइक बसत नाही, कानावर भिंत नाही म्हणून स्पीकर बसत नाही, आणि बसवलाच तरी वाऱ्यात काही ऐकू येणार नाही. म्हणजे डोकं वाचवायला जे हेल्मेट निरुपयोगी, तेच बोलण्यालाही निरुपयोगी. तुमच्याच डोक्याच्या मापाचं घ्या. नवऱ्याच्या मापाचं घेऊन आत रुमाल कोंबायची पद्धत मला फार खटकते. घालून डोकं हलवल्यावर गाल पॅडबरोबर हलले पाहिजेत.

माझ्याकडेही 16 वर्षं असंच अर्धं हेल्मेट होतं. एका पावसाळ्यात आम्ही अणुस्कुरा घाटातून राजापूरकडे उतरत होतो. माझ्या ओढणीचं टोक सुटलं आणि मागच्या चाकाकडे जायला लागलं. मी ओरडले. नवऱ्याने मान डोलावली. मी पाठीवर थापटलं. आमच्यात एक थाप म्हणजे दृश्य बघ आणि दोन म्हणजे थांब, असं ठरलेलं होतं, पण घाबरलेल्या माणसाच्या थापा कोण मोजतं? त्याने उजवीकडच्या धबधब्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यात ओढणी चेनमध्ये गेली, गळ्याला हिसका बसला आणि ती फाटली. जुनं, विरलेलं कापड होतं म्हणून फाटली. नवं असतं तर हे लिहायला मी असते की नाही, कोण जाणे. थांबल्यावर तो रडवेला होऊन एवढंच म्हणाला, "मला वाटलं, तू हसतेयस."

त्याचा दोष नव्हता. मागे बसलेल्या माणसाला गाडीवर आवाजच नसतो, आणि आपण ते वर्षानुवर्षं चालवून घेतो. म्हणून इंटरकॉमला मी चैनीची वस्तू मानत नाही. आणि हो, ओढणी किंवा पदर खोचून घ्या, वरून जाकीट घाला. साडीगार्ड चाकावर असतं, गळ्यावर नसतं.

खरेदीला दोघं जा आणि बटणं तुम्ही स्वतः दाबून बघा. हातमोजा घालून, न बघता, चाचपडून आवाज कमी-जास्त करता आला पाहिजे. तुमचा आवाज तुमच्या हातात असावा. त्याच्या फोनवरून दोघांचा आवाज ठरतो असा संच घेऊ नका. चार्जिंगची वायर दोन तोंडांची घ्या, म्हणजे रात्री त्याचं झालं आणि तुमचं राहिलं असं होणार नाही. हेल्मेटं उन्हात गाडीवर अडकवून ठेवू नका, आतली बॅटरी उष्णतेने लवकर मरते.

मग एखाद्या रविवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना, शिळफाट्याच्या दिशेने एक फेरी मारा. आधी तीसच्या वेगाने, मग चाळीस, मग पन्नास. तुम्ही मागून दुकानांच्या पाट्या वाचा, घरच्या आवाजात, आणि त्याने त्या जशाच्या तशा परत म्हणायच्या. ज्या वेगाला त्याची पहिली पाटी चुकेल तिथे गाडी बाजूला घ्या, तुमचा माइक ओठांच्या आणखी जवळ आणा, त्याचा स्पीकर बोटाने सरकवा, आणि तीच पाटी पुन्हा वाचा.